रुपाली ठुबे यांच्या उजव्या कोपराची चौकशी

नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात चहाच्या सुट्टीत कप फुटला. कप फुटणं नवं नव्हतं. पण हा कप सुरक्षा सप्ताहात फुटला होता आणि त्यावर 'सुरक्षा आपल्या हाती' असं छापलेलं होतं. त्यामुळे सुरक्षा नेमकी कुणाच्या हातून निसटली, याची चौकशी करणं प्रशासनाला भागच पडलं.

ती रुपाली ठुबे यांच्या हातून निसटली होती.

रुपाली गेली काही वर्षं हँडप्रेसवर होती. कारखाना ठिबक सिंचनाचं सामान बनवायचा. पाइप जिथे काटकोनात वळतो तिथे जो तुकडा बसवतात, त्याला सगळा जिल्हा 'एल्बो' म्हणतो. रुपालीने त्या एल्बोत रबरी रिंग ठेवायची, उजव्या हाताने दांडा खाली ओढायचा, रिंग बसली की पुढचा एल्बो घ्यायचा. श्रीगोंद्याच्या उसात आणि कोल्हारच्या डाळिंबात जिथे जिथे पाणी वळत होतं, तिथे तिथे तिने एकेकदा दांडा ओढलेला होता.

संक्रांतीपासून तिचं उजवं कोपर दुखत होतं. बाहेरच्या बाजूला, हाडाला लागून, तापलेली सुई टोचल्यासारखी कळ यायची. टॉवेल पिळताना यायची, दाराची कडी काढताना यायची, वेणी घालताना तर डोळ्यांत पाणी आणायची. पण ती कुणाला बोलली नव्हती. ती होती ठेकेदाराच्या माणसांत. कायम करण्याचा गूळ कारखान्याने तिच्या कोपराला कधीचाच लावून ठेवला होता. आता त्याच कोपराची तक्रार करायची म्हणजे गुळावरही पाणी सोडायचं. शेवटी कपानेच तिचं बिंग फोडलं.

चौकशी राधाकृष्ण मुळे यांच्याकडे आली. मुळेसाहेब मनुष्यबळ आणि सुरक्षा या दोन्ही खात्यांचे प्रमुख होते. मनुष्यबळापासून सुरक्षित कसं राहायचं, याचा त्यांना दांडगा अनुभव होता.

"कप कसा पडला?"

"हातातनं सुटला, सर. कोपर लई दुखतंय."

"ठुबेताई, आपण कपाबद्दल बोलतोय."

"कपच पडला ना, सर, कोपर दुखतंय म्हनून."

मुळेसाहेबांनी दोन्ही कोपरं टेबलावर रोवली आणि हनुवटी तळहातांवर ठेवली. विचार करण्याची त्यांची ही ठरलेली पद्धत होती. कपाच्या जागी नवा कप मंजूर झाला. कोपर हा या प्रकरणातला दुय्यम मुद्दा असल्याने ते दवाखान्यात पाठवण्यात आलं.

कारखान्याच्या ठरलेल्या दवाखान्यात निकिता नावाच्या तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी रुपालीला मूठ वळून मनगट वर उचलायला लावलं, वरून हाताने दाब दिला आणि अंगठ्याने कोपराची एक जागा चाचपली. रुपाली अशी किंचाळली की बाहेर बसलेला एक पेशंट उठून घरी गेला.

"टेनिस एल्बो आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"टेनिस? आवं, मी कधी लांबनंसुदा बगितलं न्हाई."

"टेनिस खेळणारे थोडे, ताई. हे होतं ते ओढणाऱ्यांना, पिळणाऱ्यांना, थापणाऱ्यांना. नाव मात्र खेळणाऱ्यांचं लागलंय." त्यांनी समजावून सांगितलं, की मनगट उचलणारे स्नायू कोपराच्या हाडाला जिथे धरून असतात ती जागा एकच काम सारखं सारखं करून खराब होते. काही आठवडे ते काम बंद ठेवायचं, कोपराखाली पट्टा बांधायचा, व्यायाम करायचा. "बरं होतं हे. फक्त कोपराला जरा सोडा."

"मी सोडीन वो, म्याडम. बाकीचे सोडंनात. तेवढं लिहून द्या."

डॉक्टरबाईंनी लिहून दिलं. मुळेसाहेबांनी ते वाचलं आणि त्यांची नजर पहिल्याच शब्दावर अडकली. त्यांनी सुपरवायझरला बोलावून घेतलं.

"आपल्याकडे टेनिस चालतं?"

"न्हाई, सर. कॅरम हाय. त्याचाबी स्ट्रायकर हारवलाय."

"म्हणजे मैदान नाही, जाळं नाही, चेंडू नाही." मुळेसाहेबांचा चेहरा उजळला. "जो खेळ इथे चालत नाही, त्याची दुखापत इथे होणार कशी? ठुबेताई, खेळाला कारखान्याचं प्रोत्साहनच आहे. पण ज्यानं त्यानं आपल्या जबाबदारीवर खेळावं."

"सर, दांडा वढून हुतं म्हनल्या डॉक्टरबाई."

"पिळून आणि थापूनही होतं म्हणाल्या ना? मग एकट्या दांड्याला दोष का? तो कारखान्याचा आहे म्हणून?"

 दांड्याला आपण उगाच बोललो की काय, असं क्षणभर रुपालीलाही वाटून गेलं.

तरी मुळेसाहेब अन्याय करणाऱ्यांतले नव्हते. ते पुण्याच्या एका हॉटेलात प्रशिक्षण घेऊन आले होते. कुठल्याही बिघाडाला लागोपाठ पाच वेळा 'का' विचारलं की मूळ कारण आपोआप हाती लागतं, असं तिथे जेवणाआधी शिकवलं होतं. मीटिंग भरली. क्वालिटी विभागाचा काशिफ शेख फळ्यापाशी उभा राहिला. मुळेसाहेबांनी कोपरं टेबलावर रोवली.

"कोपर का दुखतं?"

"दांडा वढते म्हनून."

"दांडा का ओढता?"

"कामच हाय ते, सर."

"काम का करता?"

"पगार लागतो."

"पगार का लागतो?"

"घर हाय. सासू हाय, पोरगी शाळंत हाय."

"घर का आहे?"

रुपालीने बराच विचार केला. असं तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. "लगीन झालं म्हनून," ती म्हणाली.

 काशिफने फळ्यावर सर्वांत खाली 'विवाह' असं लिहिलं आणि त्याभोवती चौकट केली. विवाह कारखान्याच्या आवाराबाहेर आणि कामाच्या वेळेबाहेर झाला होता, हे रुपालीला कबूल करावंच लागलं. उपाय म्हणून 'पुढील वेळी दक्षता घ्यावी' असं ठरलं.

"सर, लग्न का केलं, हे पन इच्यारू का?" काशिफने भाबडेपणाने विचारलं.

"पाच झाले," मुळेसाहेब म्हणाले. "सहाव्यापासून गुंतागुंत वाढते."

मूळ कारण घरात सापडलं म्हटल्यावर घराची पाहणी करणं ओघानेच आलं. रविवारी सकाळी मुळेसाहेब आणि काशिफ रुपालीच्या दोन खोल्यांच्या घरी पोचले. तिचा नवरा, श्रीमंत, टेम्पो चालवायचा. पाहुणे येणार म्हणून तो इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा होता, आणि आपलं घर कशात दोषी सापडणार आहे याचा अंदाज घेत होता. श्रीगोंद्याकडे आयुष्य घालवलेल्या सासूबाई, आक्काबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना अंदाज घ्यायची गरज नव्हती.

"सायेब, आमी सकाळी कोपर चांगलं धाडतो," आक्काबाई म्हणाल्या. "सांच्याला परत येतं तवा दुखत येतं. मधी काय हुतं ते तुमी बगा."

"आजी, आमच्याकडे येतं तेव्हाच ते दुखत येतं, असा आमचा अनुभव आहे."

"म्हंजी बसमदी दुखतंय व्हय?"

हा मुद्दा कुणाला सुचला नव्हता. तो चर्चेला घ्यावा का, यावर मुळेसाहेबांनी थोडा विचार केला. पण भूक लागली होती. "आपण प्रत्यक्ष काम पाहू," ते म्हणाले. "ठुबेताई, नेहमी जशी भाकरी करता तशीच करा. आम्ही आहोत हे विसरून जा."

दुखरं कोपर कशाने दुखतं हे तपासण्यासाठी रुपालीने दुखऱ्या कोपराने पीठ मळलं. परातीत बाजरीची भाकरी थापताना प्रत्येक थापेला कळ खांद्यापर्यंत जात होती. काशिफ मोबाईलवर चित्रण करत होता आणि मधूनच "ताई, जरा उजेडाकडं" म्हणत होता. पहिली भाकरी तव्यावरून उतरली. ती नमुना म्हणून मुळेसाहेबांनी घेतली. पिठलं होतं, ठेचा होता, कांदा फोडलेला होता.

"एका नमुन्यावरून निष्कर्ष काढणं शास्त्रीय नाही," मुळेसाहेब बोटं चाटत म्हणाले.

रुपालीने आणखी नमुने केले. काशिफलाही शास्त्रीय भूक लागली होती. श्रीमंतलाही पानावर बसवलं. आक्काबाईंनी, तुलना व्हावी म्हणून, एक घेतली. सगळे नमुने संपले तेव्हा रुपालीचा हात परातीच्या काठावर तसाच पडून होता. तो उचलावा असं तिला वाटत होतं, पण हाताला वाटत नव्हतं.

"भाकरी तुम्ही का करत नाही?" मुळेसाहेबांनी जाता जाता श्रीमंतला विचारलं.

श्रीमंत दचकला. "मला येत असती तर केली नसती व्हय, सर?"

उत्तर मुळेसाहेबांना मनापासून पटलं. त्यांच्या घरीही हेच उत्तर चालत असे.

पाहणीतून निष्पन्न झालं ते असं, की भाकरी उत्तम होती आणि जबाबदारी दोन्हीकडे होती. तेव्हा कोपर कुठल्या हद्दीत जास्त दुखतं, हे मोजायचं ठरलं. दुसऱ्या दिवसापासून गेटवरच्या वॉचमनने रुपाली आत येताना आणि बाहेर जाताना तिच्या कोपराची बाहेरची जागा अंगठ्याने दाबायची आणि "दुखतंय?" असं विचारायचं. वॉचमन पूर्वी तालमीत जाणारा आणि कर्तव्यदक्ष. ती ओरडेपर्यंत तो दाबायचा, कारण ओरडल्याशिवाय खात्री कशी पटणार? थोड्याच दिवसांत कोपर येताना आणि जाताना सारखंच दुखू लागलं. दोन्ही बाजूंना न्याय मिळाला.

याच सुमारास या प्रकरणाला धक्कादायक वळण मिळालं. एका सकाळी मुळेसाहेबांच्या डाव्या कोपराच्या टोकाला लिंबाएवढी सूज आली. रुपालीच्या कोपरावरच्या मीटिंगा लांबत गेल्या होत्या आणि साहेब प्रत्येक मीटिंगला कोपरं टेबलावर रोवून बसले होते. डॉक्टरबाईंनी सांगितलं, की कोपराच्या टोकाशी पाण्याची एक बारीक पिशवी असते, ती सतत टेकून बसल्याने सुजते. टेबलावर रेलून अभ्यास करणाऱ्यांना होतं, म्हणून याला विद्यार्थ्यांचं कोपरही म्हणतात.

विद्यार्थी असण्याचा आरोप साहेबांवर कुणी केला नाही. कारखान्यात शाळा आहे का, हेही कुणी विचारलं नाही. पाच वेळा सोडा, एकदासुद्धा कुणी 'का' म्हटलं नाही. व्यवस्थापनाने त्याच दुपारी ही दुखापत कामावर असताना झाल्याचं मान्य केलं, भरपगारी रजा दिली, टेबलाच्या कडेला स्पंज चिकटवला आणि करंडीभर संत्री घरी पाठवली. रुपालीचं प्रकरण हाताळण्याचे अधिकार फक्त मुळेसाहेबांना होते. त्यामुळे साहेबांचं कोपर बरं होईपर्यंत तिच्या कोपराला थांबायला सांगण्यात आलं. ते दांडा ओढत थांबलं.

साहेब परतले तेव्हा त्यांच्या कोपराला मऊ निळी गादी बांधलेली होती. ती पाहून रुपालीला खरंच बरं वाटलं. दुखणं काय असतं ते आता या माणसाला कळलं असणार. ती केबिनमध्ये गेली.

"सर, आता तुमालाबी कळलं आसंल."

"कळलं ना," मुळेसाहेब हळहळून म्हणाले. "फार वाईट दुखणं. पण ठुबेताई, घोटाळा करू नका. माझं कोपर कामामुळे दुखलं. तुमचं कामं केल्यामुळे दुखलं."

या वाक्यात कुठेतरी खोट आहे, हे रुपालीला कळत होतं. ती केबिनमधून बाहेर आली, प्रेसवर बसली, दांड्याला हात घातला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून हात काढून घेतला. शेजारच्या क्रेटमध्ये एल्बो पडले होते. त्यांतल्या एकाला बारीकशी चीर होती. काशिफने येऊन तो उचलला, उजेडाला धरला, कपाळाला आठ्या घातल्या, लाल लेबल बांधलं आणि दोन्ही हातांनी उचलून नेला. त्या एल्बोला कुणी विचारलं नाही, की तुझं लग्न झालंय का.

रुपाली उठली आणि काशिफच्या टेबलापाशी गेली.

"काशिफभाऊ, एल्बो खराब हाय. तक्रार टाकायचीय."

"कुठला, ताई?"

"उजवा."

"उजवा-डावा नसतो आपल्याकडं." बोलता बोलताच त्याने कॉम्प्युटरवर तक्रारीचं पान उघडलं. "दोष काय?"

"दाब सोसत न्हाई."

"मग गंभीर हाय. दाखवा."

रुपालीने बाही वर करून कोपर टेबलावर ठेवलं. काशिफने ते पाहिलं, मग स्क्रीनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. परातीसमोरचा तिचा चेहरा त्याने चित्रित केला होता. ते चित्रण त्याने नंतर घरी आईला दाखवलं होतं, आणि आई त्याच्याशी दोन दिवस बोलली नव्हती. तो हळू आवाजात म्हणाला, "पुरवठादार कोन टाकू?"

"म्हायेर. कोल्हार. नंबर भावाचा घ्या."

काशिफने टाइप केलं. पुढचं सगळं यंत्रणेने आपणहून केलं, कारण ती मालासाठी होती. एल्बो नाकारला गेला. नाकारलेला माल एक क्षणही उत्पादनात वापरायचा नाही, असा कडक नियम होता, आणि त्याच आठवड्यात परदेशी ग्राहकांची माणसं कारखाना बघायला येणार होती. रुपाली प्रेसवर परतून बसते न बसते तोच मुळेसाहेब धावत तिथे आले. "उठा, ताबडतोब उठा! नाकारलेला एल्बो लाईनवर कसा? पाहुण्यांनी पाहिलं तर ऑर्डर जाईल!"

रुपालीच्या दंडाला लाल लेबल बांधण्यात आलं. 'सदोष. वापरास मनाई.' कोपऱ्यात लाल पट्ट्याने आखलेल्या जागेत, तडकलेल्या एल्बोंच्या क्रेटशेजारी, तिला स्टूल दिलं. नाकारलेला माल पुरवठादार उचलून नेईपर्यंत आवारातच ठेवायचा असल्याने तिने रोज वेळेवर हजर राहणं आवश्यक होतं, आणि हजर होती म्हणून पगार चालू होता. गेटवरच्या वॉचमनलाही ताकीद मिळाली, की लेबल लावलेल्या मालाला हात लावायचा नाही.

दुपारी भावाचा, कानिफनाथचा, कोल्हारहून घाबराघुबरा फोन आला. "ताई, दाजी बरे हायेत ना? मला मेसेज आलाय. 'आपण पुरवलेला उजवा एल्बो सदोष आढळला आहे, विनाविलंब बदलून द्यावा.' सोडचिठ्ठी हाय का काय ही?"

रुपाली कितीतरी दिवसांनी पोट धरून हसली. "बदली द्यायला हाय का तुझ्याकडं एखादा?"

"माझाच ठनकतोय. छाटनी चालू हाय डाळिंबाची."

"मंग आपली बॅचच खराब म्हनायची."

संध्याकाळी आक्काबाईंनी पिठाचा डबा पुढे सरकवला तेव्हा रुपालीने दंड पुढे केला. श्रीमंतने लेबल मोठ्याने वाचलं. शिक्का कंपनीचा होता. छापील अक्षरांपुढे आक्काबाईंचाही नाइलाज झाला. श्रीमंतने बाह्या सरसावून परात ओढली. त्याची पहिली भाकरी तव्यावर पडली तेव्हा तिला मधोमध एक खिडकी होती. चौथ्या भाकरीला तो "आई गं" म्हणून मनगट झटकू लागला. आक्काबाई लगबगीने उठल्या, तेल कोमट केलं आणि लेकाचा हात मांडीवर घेऊन पुटपुटल्या, "पुरुषाच्या जातीला केवढं हे काम!"

रुपालीने जेवून घेतलं. खिडकीची भाकरी तिला गोड लागली.

लाल पट्ट्याच्या आत बसून बसून कोपर खरोखरच निवत गेलं. वेणी घालता येऊ लागली. उरला होता तो डॉक्टरबाईंनी सांगितलेला कोपराखालचा पट्टा. तो घ्यायला ती एका संध्याकाळी पाइपलाइन रोडवरच्या मेडिकलमध्ये गेली. गर्दी होती. शेजारी कापडी पिशवी घेतलेले एक सद्गृहस्थ उभे होते. चष्मा, नीटनेटकी मिशी, चार पुस्तकं वाचलेला चेहरा. दंडावरचं लेबल पाहून त्यांनी आपुलकीने चौकशी केली आणि रुपालीने त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं.

त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं, जसं तुम्ही ऐकलंत. टेनिसला ते हसले, विवाहाच्या चौकटीला तर मनमोकळे हसले. भाकरीच्या नमुन्यांपाशी त्यांनी च्‌च्‌ केलं. तुम्ही जिथे जिथे जे केलंत, ते त्यांनीही केलं.

"फार भयंकर आहे हो," ते म्हणाले. "माणसाला किंमतच राहिली नाही. हे कुणीतरी लिहिलं पाहिजे. आपला समाजच बधिर झालाय..."

"हां, पुढं कोन?" काउंटरमागून दुकानदाराने विचारलं.

नंबर रुपालीचा होता. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात सद्गृहस्थ "माझी एकच पट्टी आहे गोळ्यांची, पटकन होईल" असं म्हणत मध्ये घुसले. त्यांचं कोपर तिच्या कोपरावर, बरोबर डॉक्टरबाईंच्या अंगठ्याच्या जागी बसलं. रुपालीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्यांना ते जाणवलं नाही, कारण ते अजून समाजाबद्दलच बोलत होते.

ती भिंतीला टेकून त्यांच्या कोपराकडे बघत राहिली. सूज नव्हती, कळ नव्हती, दाबही छान सोसत होतं. उत्तम चालणारं कोपर होतं.